पाटमळ्याच्या खाजेचं वर्णन

डॉ. विश्वेश गायधनी दारोदार जाऊन "हाताला खाज येते का?" असं विचारत होता, आणि पाटमळ्यातल्या माणसांना त्याची दया येत होती. एवढंसं विचारायला हा पोरगा नाशिकहून स्कूटर घेऊन, श्रावणातल्या चिखलातून इथवर आला होता.

पाटमळा म्हणजे गंगापूरच्या अंगाला, कालव्याच्या कडेने वसलेली भाजीवाल्यांची वाडी. कालवा झिरपतो म्हणून बांधाला ओल, आणि ओल आहे म्हणून अळू. श्रावण लागला की नाशकात ज्याच्या-त्याच्या घरी अळूची पातळ भाजी नाहीतर वड्या होतात. मग गौरी जेवतात, त्यांच्यामागून पितर जेवतात. एवढ्या मंडळींना पुरेल इतकं अळू कापायचं म्हणजे वाडीतलं झाडून सगळं माणूस उजाडल्यापासून विळा घेऊन बांधावर असतं. अळूचा चीक हाताला लागला की हात खाजतो. यात विचारण्यासारखं काय आहे, ते कोणाला कळेना.

"येते की," पहिल्याच घरातला गोटीराम म्हणाला. "यायचीच."

"घरात आणखी कोणाला?"

"समद्यांनाच. मला, बायकोला, पोरीला. म्हशीच्या पाठीला येते, ते लिवायचं का?"

म्हशीचं लिहायचं नव्हतं. गोटीरामची बायको सिंधुबाई चहा घेऊन आली, आणि डॉक्टरांना थोडी आणखी खाज लागत असेल तर शेजारच्या घरी सगळ्यांना आहे, असं तिने अगत्याने सांगितलं. विश्वेश शेजारी गेला. तिथेही सगळ्यांना होती. संध्याकाळपर्यंत वाडी संपली, तरी खाज नसलेला माणूस काही त्याला सापडला नाही.

गोटीरामचं लक्ष मुळात त्या दिवशी खाजेत नव्हतं. त्याची मुलगी दिशा बारावी झाली होती आणि रोज पहाटे टेम्पोत बसून पंचवटीच्या भाजीबाजारात जुड्या विकायला जात होती. तिथेच देवळा गावच्या भारतशेठच्या मुलाने, ज्ञानेशने, तिला पाहिलं. भारतशेठचा कांद्याचा व्यापार, घर मोठं, नाव मोठं. रीतसर बघायला आला तेव्हा ज्ञानेश एक अक्षर बोलला नाही, फक्त अळूवड्या खात राहिला, आणि निघताना मागे वळून बघण्याच्या नादात दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. सिंधुबाईने तेव्हाच जमलं असं धरलं. दिशा काही बोलली नव्हती, पण त्या दिवसापासून ती बाजारातून परत येताना टेम्पोत गाणं म्हणायला लागली होती. आता गौरी-गणपती झाले की पितर बसायच्या आत भारतशेठ येऊन सुपारी फोडणार आणि दिवाळीनंतर लग्न, असं ठरत आलं होतं. सुपारी फुटेपर्यंत गोटीरामच्या जिवाला चैन नव्हतं, कारण एवढं मोठं घर आपल्या पोरीला मिळतंय यावर त्याचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता.

विश्वेश रामकुंडावरच्या उपाध्यांच्या घरातला. तो डॉक्टर झाला तेव्हा वडिलांनी यजमानांना पेढे वाटले होते. पुढे तो ज्या विभागात शिकायला लागला, तिथले डॉक्टर औषध देत नाहीत, नुसती माणसं मोजतात, हे कळल्यावर वडिलांनी त्याविषयी घाटावर बोलणं सोडून दिलं. पण विश्वेशला ते काम मनापासून आवडायचं. भाजी पिकवणाऱ्यांच्या तब्येतीची पाहणी हा त्याने स्वतः निवडलेला विषय होता. पाठदुखी, गुडघेदुखी, खाज, सगळं त्याने व्यवस्थित विचारलं होतं. खाजेच्या खाली त्याने 'शेकडा शंभर' असं लिहिलं आणि पुढे 'अळूच्या चिकामुळे' असं लिहून तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

विभागप्रमुख डॉ. इंदिरा पाराशरे यांना सगळं कॉलेज वचकून असे. त्यांनी चष्मा वर केला.

"'अळूच्या चिकामुळे.' हे काय आहे?"

"कारण आहे, मॅडम."

"तुला कारण कोणी विचारलं होतं?"

कोणीच विचारलं नव्हतं, असं विश्वेशने कबूल केलं.

"तुझा अभ्यास वर्णनात्मक आहे. वर्णनात्मक म्हणजे कोण, कुठे आणि केव्हा. 'का' त्यात येत नाही. अळू न कापणारी एखादी वाडी तू तपासलीस? नाही तपासलीस. मग अळूमुळे खाज येते हे तुला कसं कळलं?"

"मॅडम, हे सगळ्या नाशिकला माहीत आहे."

"सगळ्या नाशिकने अभ्यास केलाय का?"

मॅडमना उगाच वाईट म्हणण्यात अर्थ नाही. मागे त्यांच्या एका विद्यार्थ्याने म्हाताऱ्या माणसांची पाहणी करून, छत्री वापरल्यामुळे गुडघे दुखतात असं लिहिलं होतं आणि ते पुण्याच्या परिषदेत मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. तिथे पिकलेलं हसू मॅडमच्या कानातून अजून गेलं नव्हतं. त्या दिवसापासून 'मुळे' हा शब्द दिसला की त्यांचा लाल पेन आपोआप उघडायचा. त्यांनी अळू खोडलं आणि वर एक गोष्ट प्रामाणिकपणे केली. एका वस्तीत शेकडा शंभर माणसांना एकच तक्रार असेल तर ते वर कळवणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे, म्हणून त्यांनी कळवलं. कोण, तर सगळे. कुठे, तर पाटमळा. केव्हा, तर श्रावण. यात एक शब्दही खोटा नव्हता.

आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीतले साहेब हा कागद वाचून खुर्चीत सरसावून बसले. आख्खी वस्ती खाजते म्हणजे खरूज, दुसरं काय असणार? तिथून ही बातमी गावातल्या एका पेपरवाल्याला लागली आणि त्याने 'पाटमळ्यात गूढ खाज, वैद्यकीय पथक चक्रावले' असं छापलं. विश्वेशच्या घरी ती बातमी वडिलांनी मोठ्याने वाचली, पाटमळ्याच्याच अळूच्या वड्या खाता खाता. त्यांना त्यात गूढ काय ते समजलं नाही, पण मुलाचं नाव छापून आलंय म्हणून त्यांनी कात्रण काढून ठेवलं. विश्वेशने हातातली वडी ताटात परत ठेवली.

साहेबांनी पाटमळ्याला औषधाची गाडी पाठवायचं ठरवलं. खरजेच्या औषधाची गंमत अशी, की ते एकट्याने लावून चालत नाही. घरातल्या, शेजारच्या, सगळ्यांनी एकाच वेळी गळ्यापासून पायापर्यंत लावावं लागतं, खाजत असो वा नसो. पण भाजीवाल्यांची वाडी दिवसा एकत्र सापडायची कशी? निम्मी शेतावर, निम्मी बाजारात. चौकशी केल्यावर कळलं की गौरी गेल्यावर गोटीरामच्या घरी सुपारी आहे, त्या दिवशी वाडीतलं एकही माणूस बाहेर जाणार नाही. साहेबांना हे फारच सोयीचं वाटलं.

सुपारीच्या दिवशी सकाळीच गाडी आली. रोग शोधला म्हणून विश्वेशलाही गाडीत घेतलं होतं. वाटेत त्याने साहेबांना दोनदा सांगून पाहिलं की ही खाज अळूची आहे.

"तसं अहवालात लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग झालं तर."

गोटीरामने हातापाया पडून पाहिलं. पाहुणे यायचेत, उद्या या, परवा या, म्हणाल त्या दिवशी सगळी वाडी रांगेत उभी करतो. पण औषधाच्या बरण्या उघडल्या होत्या. अर्ध्या तासात वाळतं, कोणाला कळणारसुद्धा नाही, असं सांगून गाडीतल्या माणसांनी गोटीरामला चड्डी-बनियनवर अंगणात उभं केलं आणि ब्रशने पांढरं केलं. मग भाऊबंद झाले. बायकांना आडोशाला नेऊन नर्सबाईंनी रंगवलं. ओले हात अंगाला चिकटू नयेत म्हणून सगळ्यांनी हात आडवे पसरून उन्हात उभं राहायचं होतं. भाद्रपदातलं ऊन ते, यायचं आणि जायचं. वाळायचं नाव नव्हतं. सगळी वाडी अंगणात हात पसरून पांढरीफेक उभी होती आणि वाऱ्यावर औषधाचा उग्र वास सुटला होता.

नेमकी त्याच वेळी भारतशेठची जीप वळणावर आली.

जीप थांबली. आतल्या माणसांनी बाहेर पाहिलं. बाहेरच्या माणसांनी, हात पसरलेले असल्यामुळे, स्वागत केल्यासारखंच दिसत होतं. गोटीराम तशाच अवतारात पुढे धावला, नमस्कारासाठी हात जोडले आणि ते एकमेकांना चिकटले. भारतशेठने काच खाली करून हे काय चाललंय असं विचारलं. गोटीराम काही बोलणार, तेवढ्यात साहेबांनीच पुढे होऊन खुलासा केला. साथीचा बंदोबस्त चालू आहे, घाबरण्याचं कारण नाही. फक्त पाहुण्यांना आत बसून चहा घ्यायचा असेल तर त्यांनाही औषध लावावं लागेल. ब्रश त्यांच्या हातातच होता.

भारतशेठने काच वर केली. जीप मागे जायला जरा वेळ लागला, कारण रस्ता अरुंद होता आणि मागच्या सीटवरचे सगळे एकदम सूचना देत होते. ज्ञानेश मागच्या काचेला नाक लावून बघत राहिला. दाराआड कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन दिशा उभी होती. तिने हात हलवला नाही, कारण हलवला असता तर औषध उडालं असतं.

दुसऱ्या दिवशी देवळ्याहून पोस्टातल्या फोनवर निरोप आला. पोरीत खोट नाही, पण घराला रोग आहे, आमचं येणं होणार नाही. गोटीराम ओट्यावर बसून राहिला. अंगावर सुकलेल्या औषधाचे पोपडे सुटत होते, तेही त्याने झटकले नाहीत. सिंधुबाई चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसत होती आणि धूर फार झाला म्हणत होती. पोपडे बघत बसण्यापेक्षा काम बरं म्हणून दिशा विळा घेऊन बांधावर गेली आणि गरज नसताना अळूची आख्खी रांग कापून काढली.

विश्वेश तिला तिथेच भेटला. तो माफी मागायला आला होता, पण ती कशी मागायची ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"डॉक्टर," दिशा मान वर न करता म्हणाली, "तुमी लिवलं, आता तुमीच खोडा. मला रडायला येळ नाय."

हे त्याला फार लागलं. तो तडक मॅडमकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर न विचारता खुर्चीवर बसला. एका मुलीचं लग्न मोडतंय, आपण अळूचं एक वाक्य लिहून दिलं तर वाचेल, असं त्याने सांगितलं. मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्यांनी त्याला पाणी दिलं. पण वाक्य लिहायचं तर ते सिद्ध करायला हवं. अळू कापणारे इतके, न कापणारे इतके, दोघांची तुलना, त्यासाठी पुढचा श्रावण उजाडावा लागेल.

"फार तर मी एवढं लिहून देते," त्या बराच विचार करून म्हणाल्या, "की खाजेचं कारण अद्याप सिद्ध झालेलं नाही."

ते पत्र विश्वेशने नको म्हणून सांगितलं.

तो एसटीने स्वतःच देवळ्याला गेला. भारतशेठ कांदा साठवायच्या चाळीपुढे खाटेवर बसले होते. त्यांनी पाहुणचारात कसूर केली नाही, फक्त विश्वेशचा पेला जरा लांबून पुढे सरकवला. विश्वेशने सगळं समजावून सांगितलं. ही खाज रोगाची नाही, अळूच्या चिकाची आहे, एकाची दुसऱ्याला लागत नाही, अळू संपलं की संपते.

"मग पेपरात तसं का नाय?"

आता याचं उत्तर द्यायचं तर वर्णनात्मक अभ्यास म्हणजे काय ते सांगणं आलं. विश्वेशने सांगितलं. कोण, कुठे, केव्हा हे सांगून झालं, छत्री आणि गुडघेसुद्धा सांगून झाले. भारतशेठने ते सगळं ऐकून शेवटी मान डोलावली.

"म्हणजे खाज हाय, हे तुमचं सगळं कॉलेज सांगतं. आणि ती अळूची हाय, हे तुमी एकटेच सांगता."

माणूस अडाणी असता तर वाद घालता आला असता, पण भारतशेठ मॅडमसारखंच बोलत होते.

स्टँडवर सोडायला ज्ञानेश मोटरसायकल घेऊन आला. एसटी लागलेली दिसली तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"डॉक्टरसाहेब, चीक किती वेळ लागला म्हणजे खाज सुटते?"

दिवसभरात पहिल्यांदाच कोणी 'का' आणि 'कसं'मध्ये रस दाखवला होता. विश्वेशला फार बरं वाटलं. त्याने एसटीच्या पायरीवर उभं राहून सविस्तर सांगितलं. ओल्या हाताला लवकर सुटते, देठाचा चीक पानापेक्षा वाईट, तेल लावलं असेल तर कमी होते, चिंचेने उतरते. ज्ञानेशने तेल लावू नये ना, एवढं पुन्हा विचारून घेतलं. ही शंका अशी उलटी का विचारली, हे विश्वेशच्या ध्यानात आलं नाही, कारण कंडक्टरने तेवढ्यात घंटी मारली.

पितर बसायला एक दिवस उरला होता, तेव्हा सकाळीच भारतशेठ ज्ञानेशला घेऊन विभागात हजर झाले. ज्ञानेश दोन्ही हातांनी दोन्ही हात खाजवत होता. मनगटापर्यंत लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. भारतशेठचा चेहरा उतरला होता आणि घाईत तोंडात घरची अहिराणी आली होती.

"मना पोऱ्याले काय व्हयनं, तेवढं सांगा," ते म्हणाले.

मॅडम खुर्चीतून उठल्या. पाटमळ्यापासून इतक्या लांब, दुसऱ्या तालुक्यात, तीच लक्षणं. इतकी वर्षं शिकवण्यात गेली, पण असं काही स्वतःच्या दारात चालत आलं नव्हतं. त्यांनी विश्वेशला रुग्णाचं वर्णन करायला सांगितलं.

विश्वेशने ज्ञानेशचा हात हातात घेतला. नखांच्या कडेला काळपट हिरवे डाग होते. देवळ्याला कोणाच्याही मोरीमागे सांडपाण्यावर अळू असतं, हे त्याला आठवलं. त्याने वर पाहिलं. ज्ञानेश त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात नुसती गयावया होती. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. खरं सांगावं तर पोराच्या हातांची एवढी लाहीलाही फुकट जाणार होती.

"पुरुष, तरुण," तो म्हणाला. "दोन्ही हातांना तीव्र खाज. ठिकाण देवळा. सुरुवात काल संध्याकाळी."

"पण कशानं?" भारतशेठने विचारलं.

"ते या अभ्यासात येत नाही."

मॅडमनी समाधानाने मान हलवली. मुलगा अखेर तयार झाला.

"पसरतंय का?"

"देवळ्यात आजपर्यंत एकच," विश्वेश म्हणाला. हेही अगदी खरं होतं.

"आजपर्यंत," मॅडम म्हणाल्या आणि पेन शोधू लागल्या. वर कळवायला हवं होतं.

भारतशेठच्या डोळ्यांपुढे कांद्याच्या चाळीपुढे ब्रश घेऊन उभे असलेले साहेब आले असावेत. हमाल, मापारी, भाऊबंद, सगळे हात पसरून पांढरे, आणि कांदा घ्यायला आलेले व्यापारी गाडीतूनच परत. त्यांनी मॅडमना चार दिवस थांबायची विनंती केली. एकच रुग्ण असल्यामुळे मॅडमनी तेवढं मान्य केलं. बाहेर व्हरांड्यात ज्ञानेश मान खाली घालून बापामागे चालत होता.

"आबा, आता मला कोण पोरगी देणार?"

भारतशेठने टोपी काढून कपाळ पुसलं.

"चालवून घेतील असं एकच घर हाय," ज्ञानेश हळूच म्हणाला आणि पुन्हा खाजवू लागला.

त्या संध्याकाळी जीप पाटमळ्यात शिरली. विश्वेशलाही बरोबर घेतलं होतं, कारण डॉक्टर जवळ असलेला बरा, असं भारतशेठना वाटत होतं. गोटीरामने या वेळी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्याने पाहुण्यांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं, आणि भारतशेठने खाली बघत, शब्द गोळा करत, झालेला प्रकार सांगितला. पोराला खाज झाली आहे. मागचं विसरून जावं. पोरगी द्यावी.

गोटीरामचं हसू आधी कानापर्यंत आलं आणि मग कुठेतरी अडकलं. ओट्यावर काढलेली ती संध्याकाळ त्याला आठवली असावी. त्याने खाकरून घसा साफ केला.

"आता कसं हाय शेठ," तो म्हणाला, "पोरगी द्यायची म्हंजी घराणं बघाया लागतं."

सिंधुबाईने मागून त्याचं धोतर ओढलं. त्याने सोडवून घेतलं.

"खाजेचं घर. लोक काय म्हणतील? इचार करून कळवतो."

भारतशेठची मान ताठ झाली. एवढ्या लांब येऊन, पदर पसरून, वर हे ऐकायचं म्हणजे त्यांच्या सोसण्याच्या पलीकडचं होतं. त्यांनी टोपी नीट केली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. गोटीरामचा चेहरा खाडकन उतरला. त्याला फक्त घटकाभर मान हवा होता, नकार द्यायचा नव्हता, पण आता शब्द मागे कसा घ्यायचा हे त्याला येत नव्हतं. आपल्या एका कागदापायी हे लग्न दुसऱ्यांदा मोडतंय, एवढंच विश्वेशच्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात दिशा आतून बाहेर आली. तिच्या हातात भिजवलेल्या चिंचेचं वाडगं होतं. तिने कोणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ जाऊन ज्ञानेशच्या समोर घोंगडीवर बसली, त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि चिंच चोळायला लागली.

"देठं घेतली ना?" ती म्हणाली. "येड्यासारखी देठं घेतली. पानानं भागलं असतं."

"डॉक्टर म्हणले देठाचा जास्ती लागतो," ज्ञानेश म्हणाला.

भारतशेठ अर्धे उठलेले तसेच राहिले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग विश्वेशकडे पाहिलं. विश्वेश छताचे वासे बघू लागला. भारतशेठच्या कपाळावरची शीर फुगली, आणि आता हा माणूस ओरडणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांना दिसत होतं ते एवढंच, की ज्या पोराने लहानपणी काटा काढायलासुद्धा कोणाला हात लावू दिला नाही, तो आज शहाण्यासारखा हात देऊन बसला होता आणि त्याच्या तोंडावर असलं काही समाधान होतं, की ते बघून बापाला एकदम भरून आलं. ते हळूहळू पुन्हा खाली बसले.

"लय खाजलं का रे?" त्यांनी विचारलं.

"लय," ज्ञानेश म्हणाला.

सुपारी फुटायच्या आधी मुलीने मुलाचा हात धरला, तोही दोन्ही घरच्या मोठ्यांसमोर, हे पाटमळ्यात यापूर्वी कधी घडलं नव्हतं. दारात जमलेल्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. पण औषधोपचाराला नको कसं म्हणायचं, शिवाय डॉक्टर समोर बसलेले. गोटीरामने नाइलाजाने बाहेर गोठ्याकडे तोंड फिरवलं. भारतशेठही गोठाच बघू लागले. शेवटी सिंधुबाईच पुढे झाली.

"हात धरलाच हाय," ती म्हणाली, "तवा सुपारी फोडून घ्या आता. उद्या पितर बसतील. चारचौघांत बरं दिसंल."

तसं खरंच बरं दिसलं असतं. गोटीराम पाट आणायला धावला, भारतशेठनी खिशात हात घातला, आणि विश्वेशच्या छातीवरचा दगड उतरला तो इतका, की त्याने न विचारताच दोन लाडू घेतले. बायका तांदूळ शोधत होत्या, कोणी दिवा लावत होतं. घोंगडीवर दिशा खाली मान घालून चिंच चोळत होती. ज्ञानेशच्या हाताची खाज केव्हाच थांबली होती. त्याने ते कोणाला सांगितलं नाही, फक्त दुसरा हात पुढे केला.